जिल्ह्याचं नाव बदललं की वेबसाइट का अडखळते? 'हार्डकोड' पत्ता आणि कंटेनरचं गणित

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अहमदनगरचं नाव अहिल्यानगर करायला मंजुरी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राची संमतीही आली आणि पाट्या, लेटरहेड, शिक्के बदलायला सुरुवात झाली. जिल्ह्यातल्या गाड्यांवरचं एमएच-१६ मात्र तसंच राहिलं. श्रीरामपूरकडचं एमएच-१७ सुद्धा. शहराचा एसटीडी कोड ०२४१ आणि पिनकोड ४१४००१ यांनाही कुणी हात लावला नाही.

कारण साधं आहे. हे क्रमांक ठरवताना त्यात जिल्ह्याचं नाव घातलेलंच नव्हतं. त्यामुळे नाव बदललं तरी एकाही गाडीची नंबरप्लेट बदलावी लागली नाही.

वेबसाइट आणि मोबाइल ॲप बनवताना हे शहाणपण नेहमीच दाखवलं जातं असं नाही. सर्व्हरचं नाव किंवा वेबसाइटचा पत्ता थेट कोडमध्ये लिहून टाकला जातो. याला 'हार्डकोड करणं' म्हणतात. पत्ता बदलेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. आणि आता बरीचशी ॲप्लिकेशन्स ज्या पद्धतीने चालवली जातात, त्या कंटेनरच्या जगात पत्ता बदलण्यासाठी जिल्ह्याचं नाव बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. तिथे तो रोज बदलू शकतो.

हार्डकोड म्हणजे नेमकं काय?

लग्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. मुहूर्त, वधू-वरांची नावं, कार्यालयाचा पत्ता हे सगळं छापलेलं असतं. पण निमंत्रिताचं नाव छापत नाहीत. पाकिटावर 'श्री.' लिहून पुढे रिकामी जागा सोडतात आणि पत्रिका द्यायला जाताना ती पेनाने भरतात. एक हजार पत्रिका एकाच छपाईत निघतात आणि हजार घरी चालतात, त्या या रिकाम्या जागेमुळे.

आता पत्रिका छापून झाल्यावर कार्यालय बदललं तर? सगळ्या पत्रिका पुन्हा छापा, नाहीतर प्रत्येकीवर चिकटपट्टी लावा. जे छापलं ते हार्डकोड, जे पेनाने भरायचं ते 'कॉन्फिगरेशन'. प्रोग्रॅमरला ठरवायचं असतं ते एवढंच, की कुठली गोष्ट छापायची आणि कुठली जागा रिकामी ठेवायची.

संगणकाच्या किंवा सर्व्हरच्या नावाला होस्टनेम म्हणतात. ब्राउझरमध्ये आपण टाइप करतो तो वेबसाइटचा पत्ता हेही होस्टनेमच. खरं तर ही नावं आली तीच बदल सोपा व्हावा म्हणून. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर सगळ्या संगणकांची नावं आणि आकडी पत्ते एकाच फाइलमध्ये असत आणि प्रत्येक जण ती फाइल उतरवून घेई. संगणक वाढले तसं ते अशक्य झालं, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम म्हणजे डीएनएस मांडली. नाव तेच ठेवायचं आणि त्यामागचा आकडी पत्ता हवा तेव्हा बदलायचा, ही त्यामागची कल्पना. पण नावच बदलायची वेळ आली तर काय, याचं उत्तर डीएनएस देत नाही. ते कोड लिहिणाऱ्याला द्यावं लागतं.

कंटेनरमध्ये गेल्यावर काय बिघडतं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यातल्या चुका मात्र काल्पनिक नाहीत.

समजा, पारनेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने कांदाविक्रीसाठी वेबसाइट करून घेतली. शेतकऱ्याने मोबाइलवर भाव पाहायचा, किती गोण्या आणणार ते नोंदवायचं आणि टोकन घ्यायचं. वेबसाइटचे तीन भाग आहेत. फोनवर दिसणारा पुढचा भाग, नोंदी घेणारा मागचा प्रोग्रॅम आणि नोंदी साठवणारा डेटाबेस. सावेडीत बसलेल्या डेव्हलपरने हे तिन्ही भाग आपल्या लॅपटॉपवर तयार केले. तिथे तिघं एकाच यंत्रात, म्हणून मागच्या प्रोग्रॅमला त्याने सांगून ठेवलं, की डेटाबेस 'लोकलहोस्ट'वर, पोर्ट ५४३२ वर मिळेल.

लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. मग ते कंटेनरमध्ये भरून सर्व्हरवर चढवलं आणि पहिल्याच मिनिटाला संदेश आला, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारा सगळा लवाजमा एकत्र बांधलेली पेटी. मार्च २०१३ मध्ये सोलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत डॉकर दाखवलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ही पद्धत सगळीकडे पसरली. पेटीचा जो साचा तयार होतो त्याला 'इमेज' म्हणतात. इमेज म्हणजे छापून झालेली पत्रिका. एकदा तयार झाली की ती लॅपटॉपवर, चाचणीच्या सर्व्हरवर आणि खऱ्या सर्व्हरवर जशीच्या तशी चालावी अशी अपेक्षा असते.

पण प्रत्येक कंटेनर स्वतःला एक स्वतंत्र संगणक समजतो. आणि 'लोकलहोस्ट' या शब्दाचा अर्थ आहे 'मी स्वतः', आकड्यांत १२७.०.०.१. 'आमच्या घरी या' असं पारनेरच्या माणसाने म्हटलं तर एक घर, पाथर्डीच्या माणसाने म्हटलं तर दुसरं, तसंच हे. लॅपटॉपवर 'माझ्याकडे' म्हणजे लॅपटॉप, जिथे डेटाबेस होता. कंटेनरमध्ये 'माझ्याकडे' म्हणजे फक्त तो कंटेनर, आणि डेटाबेस तर शेजारच्या पेटीत बसलेला. प्रोग्रॅम स्वतःच्याच घराचं दार ठोठावत राहतो आणि आत कुणी नाही म्हणून परततो. कोडमध्ये एका अक्षराचीही चूक नसते, म्हणून नवखा डेव्हलपर तासन्‌तास नको तिथे शोधत बसतो.

यावर डॉकरची सोय आहे. एकाच नेटवर्कमधल्या कंटेनरना एकमेकांची नावं कळतात. डेटाबेसच्या कंटेनरचं नाव 'डीबी' ठेवलं, तर पत्ता 'लोकलहोस्ट'ऐवजी 'डीबी' असा द्यायचा. डॉकरचा आतला डीएनएस बाकीचं पाहून घेतो. काही जण त्याऐवजी लॅपटॉपवरच्या डेटाबेसकडे जाण्यासाठी 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' असं खास नाव वापरतात. विंडोज आणि मॅकवरच्या डॉकर डेस्कटॉपमध्ये ते आपोआप चालतं. लिनक्स सर्व्हरवर मात्र ते वेगळी सेटिंग केल्याशिवाय चालत नाही. सर्व्हर बहुतेक ठिकाणी लिनक्सवरच असतात, त्यामुळे 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य पुन्हा ऐकू येतं.

शेतकऱ्याच्या फोनला 'डीबी' माहीत नसतो

पहिली चूक दुरुस्त झाली की पाठोपाठ दुसरी होते, आणि ती जास्त फसवी आहे.

डेव्हलपरला कळलं की कंटेनर एकमेकांना नावाने ओळखतात. म्हणून त्याने पुढच्या भागातही मागच्या प्रोग्रॅमचा पत्ता 'बॅकएंड' असा लिहिला, कारण त्या कंटेनरचं नाव तेच होतं. पान उघडलं, लोगो दिसला, पण भाव काही येईनात.

वेबसाइटचा पुढचा भाग कंटेनरमधून निघतो खरा, पण तो चालतो शेतकऱ्याच्या फोनमध्ये. फोनमधला ब्राउझर डॉकरच्या नेटवर्कच्या बाहेर असतो. 'बॅकएंड' नावाचा सर्व्हर कुठे आहे, हे त्याला सांगणारं तिथे कुणी नाही. म्हणजे एकाच प्रोग्रॅमला दोन पत्ते लागतात. पेटीतल्यांसाठी आतला आणि जगासाठी बाहेरचा. दोघांची सरमिसळ झाली की वेबसाइट अर्धी चालते, आणि अर्धी चालणारी वेबसाइट पूर्ण बंद पडलेल्या वेबसाइटपेक्षा वाईट. बंद पडली तर लोक फोन करून विचारतात. अर्धी चालली तर शेतकरी समजतो की आपल्याच फोनची रेंज गेली, आणि टोकन न घेताच ट्रॅक्टर भरून निघतो.

यात आणखी एक पेच आहे. रिॲक्टसारख्या साधनांनी बनवलेला पुढचा भाग आधी 'बिल्ड' करावा लागतो. डेव्हलपरने पत्ता कोडच्या बाहेर काढून सेटिंगमध्ये ठेवला, तरी बिल्ड होताना तो जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये छापला जातो. नंतर सर्व्हरवर सेटिंग कितीही बदला, फाइलमधला पत्ता जुनाच. रिकामी जागा सोडली होती, पण ती छापखान्यातच भरली गेली, असा हा प्रकार. यावरचा सोपा उपाय म्हणजे पुढच्या भागात पूर्ण पत्ता लिहायचाच नाही. 'ज्या वेबसाइटवरून मी आलो, तिच्याच एपीआय या मार्गावर जा' एवढंच सांगायचं आणि पुढची वाट दाखवण्याचं काम एनजिनएक्ससारख्या प्रॉक्सीकडे सोपवायचं.

प्रॉक्सीलाही सवयी आहेत म्हणा. एनजिनएक्स साधारणपणे सुरू होताना एकदाच नावाचा आकडी पत्ता शोधतो आणि तोच धरून बसतो. मागचा कंटेनर मेला आणि नवा पत्ता घेऊन पुन्हा उभा राहिला, तर एनजिनएक्स जुन्याच पत्त्यावर जात राहतो आणि वाचकाला '५०२ बॅड गेटवे' दिसतं. नाव बरोबर, पत्ता शिळा.

कंटेनर मरणं, नवे जन्मणं ही रोजची गोष्ट आहे. २०१४ मध्ये गूगलने खुलं केलेलं कुबरनेटिस याच कामासाठी आहे. कांद्याचे भाव कोसळले की वेबसाइटवर एकदम झुंबड उडते, तेव्हा एकाचे पाच कंटेनर करायचे आणि गर्दी ओसरली की पुन्हा एक. प्रत्येक नव्या कंटेनरला नवा आकडी पत्ता मिळतो. अशा ठिकाणी आकडी पत्ता कोडमध्ये लिहिणं म्हणजे यात्रेत भेटलेल्या फुगेवाल्याचा कायमचा पत्ता लिहून ठेवणं.

दहा अक्षरं आणि अकरा अक्षरं

आता पुन्हा जिल्ह्याच्या नावाकडे येऊ. समजा, या कंपनीच्या डोमेनमध्ये 'अहमदनगर' हा शब्द होता आणि तिने नवं, 'अहिल्यानगर' असलेलं डोमेन घेतलं. नवं डोमेन मिळायला काही मिनिटं लागतात. जुनं नाव कुठे कुठे लिहिलंय ते शोधायला आठवडे लागू शकतात.

कंपनीची माहिती देणारी पानं वर्डप्रेसवर असतील तर पहिला धक्का तिथे बसतो. वर्डप्रेस स्वतःचा पत्ता डेटाबेसमध्ये 'साइटयूआरएल' आणि 'होम' अशा दोन नोंदींत ठेवतं. त्या बदलल्या नाहीत, तर नव्या डोमेनवर आलेल्या वाचकाला ते निमूटपणे जुन्या डोमेनवर परत पाठवतं. साहजिकच डेव्हलपर डेटाबेसमध्ये 'शोधा आणि बदला' चालवतो. आणि इथे खरी गंमत आहे.

वर्डप्रेसचे अनेक प्लगइन आणि थीम त्यांच्या सेटिंग्ज पीएचपीच्या एका खास साच्यात साठवतात. त्यात प्रत्येक शब्दाच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते, म्हणजे 'पुढे दहा अक्षरं आहेत' आणि मग ती दहा अक्षरं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये अहमदनगरची अक्षरं भरतात दहा आणि अहिल्यानगरची अकरा. नुसता शब्द बदलला की मोजणी चुकते, पीएचपीला ती ओळ वाचता येत नाही आणि मेनू, विजेट, पानाची मांडणी गायब होते. एका अक्षराने. म्हणूनच डब्ल्यूपी-सीएलआय या साधनातलं 'सर्च-रिप्लेस' वापरायला सांगतात. ते शब्द बदलताना लांबीही पुन्हा मोजतं.

शोधताना स्पेलिंगही आडवं येतं. जिल्ह्याचं जुनं नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलं जायचं. रोजच्या वापरात 'मेड' आणि २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत 'मॅड'. एकच स्पेलिंग शोधलं तर दुसरं तसंच राहून जातं.

आणि नाव फक्त स्वतःच्या कोडमध्ये नसतं. जँगोसारखी चौकट फक्त यादीतल्या होस्टनेमवरून आलेल्या मागण्या स्वीकारते. यादीत नवं नाव नसेल तर थेट चूक दाखवते. सुरक्षिततेचं एसएसएल प्रमाणपत्र ठरावीक नावासाठीच असतं. 'गूगलने लॉग-इन करा' हे बटण वाचकाला परत कुठे पाठवायचं, तो पत्ता गूगलकडे नोंदवलेला असतो. पैसे भरल्यावर पेमेंट गेटवे ज्या पत्त्यावर 'पैसे मिळाले' असं कळवतो, तो गेटवेकडे असतो. हा शेवटचा विसरला, तर शेतकऱ्याचे पैसे कापले जातात आणि नोंद मात्र होत नाही.

मोबाइल ॲपचं तर वेगळंच. ॲपच्या आत जुना पत्ता असेल तर नवं ॲप काढून भागत नाही, कारण कित्येक जण ॲप अपडेटच करत नाहीत. आणि प्ले स्टोअरवर एकदा प्रसिद्ध झालेल्या ॲपचा आतला पॅकेज आयडी बदलताच येत नाही. त्यात 'अहमदनगर' असेल तर ते कायमचं. अर्थात, तो आयडी वापरणाऱ्याला फारसा कुठे दिसत नाही, त्यामुळे त्याचं फार मनाला लावून घेण्याचं कारण नाही. मुंबई १९९५ मध्ये मुंबई झाली, विमानतळाचा कोड अजून 'बीओएम'च आहे आणि विमानं व्यवस्थित उतरतात. उलट औरंगाबाद रेल्वे स्थानकाचा 'एडब्ल्यूबी' हा कोड २०२५ मध्ये स्थानकाचं नाव छत्रपती संभाजीनगर झाल्यावर 'सीपीएसएन' करण्यात आला. नावावरून बनवलेला कोड कधी टिकतो, कधी बदलावा लागतो. नावाशी संबंध नसलेल्या आकड्याला हा प्रश्नच पडत नाही. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला स्वतंत्र आकडी क्रमांक आहे तो त्यासाठीच. डेटाबेसमध्ये गाव ओळखायला तो क्रमांक वापरावा आणि नाव फक्त पडद्यावर दाखवायला ठेवावं.

सात लाख राउटर आणि एक विद्यापीठ

हार्डकोड पत्त्याचा त्रास लिहिणाऱ्यालाच होतो असंही नाही. मे २००३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या नेटवर्कवर अचानक प्रचंड भार आला. सेकंदाला लाखो मागण्या, आणि सगळ्या विचारत होत्या, 'किती वाजले?' विद्यापीठ अचूक वेळ सांगणारा एक सर्व्हर चालवत होतं. नेटगिअर कंपनीने आपल्या राउटरच्या चार मॉडेलमध्ये त्याचा आकडी पत्ता थेट भरून ठेवला होता. उत्तर मिळालं नाही की राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारायचे. असे सात लाखांहून अधिक राउटर तयार झाले होते. ते लोकांच्या घरांत होते, परत बोलावणं शक्य नव्हतं. शेवटी कंपनीने विद्यापीठाला ३ लाख ७५ हजार डॉलर दिले.

मग करायचं काय?

सॉफ्टवेअर क्षेत्रात यावर बऱ्यापैकी एकमत आहे. हेरोकू कंपनीतल्या मंडळींनी २०११ च्या सुमारास 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' नावाची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं, की जे ठिकाणागणिक बदलतं ते कोडमध्ये नको, 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल'मध्ये हवं. म्हणजे कंटेनर सुरू करताना बाहेरून सांगायचं की डेटाबेस अमुक ठिकाणी आहे, वेबसाइटचा पत्ता तमुक आहे. इमेज एकच, भरायच्या जागा रिकाम्या. त्यांनी दिलेली कसोटीही छान आहे. तुमचा सगळा कोड आत्ता या क्षणी जगाला खुला केला, तर एखादा पासवर्ड वगैरे बाहेर पडेल का? पडणार असेल, तर कॉन्फिगरेशन अजून कोडमध्येच आहे.

मात्र एक पळवाट इथेही शिरते. डेव्हलपर लिहितो, 'बाहेरून पत्ता मिळाला तर तो घे, नाहीतर लोकलहोस्ट वापर.' हे सोयीचं वाटतं, पण सर्व्हरवर कुणी पत्ता द्यायला विसरलं तर प्रोग्रॅम तक्रार न करता सुरू होतो आणि पुन्हा स्वतःचंच दार ठोठावतो. कधी कधी तर चाचणीच्या डेटाबेसला खरा समजून त्यात नोंदी करत राहतो. त्यापेक्षा पत्ता मिळाला नाही तर प्रोग्रॅमने सुरू व्हायलाच नकार द्यावा आणि काय मिळालं नाही ते स्पष्ट सांगावं. सकाळी दहाला बंद पडलेलं लगेच दुरुस्त होतं. चुकीच्या डेटाबेसमध्ये गेलेल्या महिनाभराच्या नोंदी परत आणणं अवघड.

चाचणीही सोपी आहे. तीच इमेज कोड न बदलता एखाद्या भलत्याच नावाने चालवून पाहायची. लॉग-इन झालं, फोटो दिसले, पावतीची पीडीएफ आली आणि ईमेलमधली लिंक नव्या नावाने आली, तर बहुतेक काम झालं. ईमेलची लिंक हटकून राहते.

पतसंस्था, शाळा, बाजार समित्या, छोट्या कंपन्या यांच्याकडे स्वतःचा डेव्हलपर नसतो. काम बाहेरून करून घेतात आणि दोन वर्षांनी करणाऱ्याचा फोन लागत नाही. त्यांनी पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. उद्या आमचं डोमेन बदललं तर किती ठिकाणी बदल करावा लागेल, आणि तो करायला कोड लागेल की फक्त सेटिंग? 'एका ठिकाणी, फक्त सेटिंग' याशिवाय दुसरं उत्तर आलं, तर ती ठिकाणं लिहून मागावीत. डोमेन आणि क्लाउडचं खातं संस्थेच्या नावावर आहे की करणाऱ्याच्या, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावं.

आणि नाव बदललं तरी जुनं डोमेन सोडू नये. जिल्हा प्रशासनाची जुनी वेबसाइट एनआयसी डॉट इन या सरकारी पत्त्यावर होती, तसला पत्ता बाहेरच्या कुणाला विकत घेता येत नाही. खासगी डोमेनचं तसं नाही. नूतनीकरण थांबलं की काही आठवड्यांत ते कुणीही घेऊ शकतं. शेतकऱ्यांच्या फोनमधली जुनी ॲप, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या लिंक, गोण्यांवर छापलेले क्यूआर कोड हे सगळे त्यानंतरही त्याच पत्त्यावर जात राहतात. तिथे तसंच दिसणारं पान उभं करून कुणी आधार क्रमांक आणि बँकेचा तपशील मागितला, तर समोरच्याला संशय यायचं काही कारण नसतं. जुन्या डोमेनचं वर्षाचं भाडं साधारण हजार-पंधराशे रुपये होतं.